ॲक्युपंक्चरची पहिली सुई टोचून घेण्याआधी

अर्धशिशीने (मायग्रेनने) अकरा वर्षं छळल्यावर मी ॲक्युपंक्चरला जायचं मनावर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी तिथे मला घेरी आली. आदली रात्र ठणक्यामुळे जागून काढलेली, मळमळीमुळे सकाळपासून पोटात काही नाही, आणि तशीच मी खुर्चीत बसले. मानेवर आणि खांद्यांवर मिळून सहा सुया लागल्या. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कानात शिट्टी वाजायला लागली, तळहात घामाने ओले झाले आणि समोरची भिंत पांढरी होत गेली. सुया ताबडतोब काढल्या गेल्या, मला आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, आणि पाच मिनिटांत मी सावरले. इजा काही झाली नाही. पण ‘खाऊन आलात का?’ आणि ‘रक्त देताना किंवा इंजेक्शन घेताना कधी चक्कर आली आहे का?’ हे दोन साधे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते, आणि आपणहून सांगायला हवं हे मलाही माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी मी दुसऱ्या ठिकाणी गेले. या वेळी तयारी करून गेले आणि मला गुण आला. ती तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण या काळात डॉक्टरांना, उपचारकांना पुष्कळ प्रश्न विचारले, मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचले, आणि स्वतःच्या दुखण्याची वही ठेवली.

आधी निदान करून घ्या

‘डोकं दुखतं’, ‘कंबर धरते’ या तक्रारी आहेत, निदान नव्हे. सुईने दुखणं कमी होऊ शकतं आणि नेमका तिथेच धोकाही आहे. आतलं कारण तसंच राहतं, कळ तेवढी दबते आणि डॉक्टरकडे जाणं लांबतं.

म्हणून दुखणं नवीन असेल तर आधी डॉक्टर. काही लक्षणं दिसली तर ॲक्युपंक्चरचा विचारसुद्धा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा: आयुष्यात कधी झाली नव्हती अशी एकाएकी उठलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, छातीत दुखणं. कंबरदुखीबरोबर लघवी अडत असेल किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला असेल, तर एक दिवसही थांबू नका, कारण मणक्याच्या तळाशी नसांवर दाब आल्याची ती खूण असू शकते. कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, नवीन गाठ, यांचा छडा आधी लागला पाहिजे.

निदान हातात असलं की उपचारकाशी बोलणंही सोपं होतं. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मायग्रेन, मानेच्या स्नायूंचा ताण’ एवढंच लिहून दिलं होतं. त्या एका ओळीमुळे पहिल्या भेटीतला निम्मा वेळ वाचला.

आपल्या दुखण्यावर याचा उपयोग आहे का?

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवावा, कारण ॲक्युपंक्चरबद्दल दोन्ही टोकांची मतं कानावर येतात. कोणी म्हणतं सगळे रोग बरे होतात, कोणी म्हणतं सगळं थोतांड आहे. मोठ्या चाचण्या वाचल्या की यातलं एकही मत टिकत नाही.

जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्याला परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर रीतसर ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला ठरलेले बिंदू टाळून भलत्याच जागी अगदी वरवर सुया, आणि तिसऱ्याला औषधं, व्यायाम असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के लोकांना, आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात फक्त २७.४ टक्के.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. सुया टोचून घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा बराच जास्त आराम पडला. पण सुई नेमक्या बिंदूवर लागली की भलतीकडे, याने जवळजवळ काहीच बिघडलं नाही. म्हणजे त्या अर्ध्या तासातली शांतता, उपचारकाचं लक्ष, बरं वाटेल ही आशा आणि त्वचेला झालेला साधा सुईचा स्पर्श यांचाही त्या आरामात मोठा वाटा असणार. माझं मत विचाराल तर, जुन्या दुखण्याने त्रासलेल्या माणसाला हा आराम नाकारण्याचं कारण नाही. मात्र कोणी एका गुप्त बिंदूची बढाई मारत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्याचंही कारण नाही.

मायग्रेनचं चित्रही असंच आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. फक्त नेहमीचा उपचार घेणाऱ्या १०० जणांपैकी १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, ॲक्युपंक्चर घेणाऱ्या १०० पैकी ४१ जणांची. खोट्या, म्हणजे नुसता देखावा म्हणून केलेल्या, आणि खऱ्या ॲक्युपंक्चरची तुलना केली तेव्हा हे आकडे ४१ आणि ५० होते. फरक आहे, पण लहान आहे.

तज्ज्ञ संस्थांचंही एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिका (कंबरेतून पायात उतरणारी कळ) यांसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत ते धरलं. पुढे २०२१ मध्ये त्याच ‘नाइस’ने, वेगळं कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी, एकदाच ठरावीक मुदतीचा ॲक्युपंक्चरचा कोर्स देण्याचा विचार करता येईल, असं म्हटलं. एवढ्या जाणत्या माणसांचं जिथे जुळत नाही, तिथे ‘हमखास’ हा शब्द कोणी वापरला की सावध व्हावं.

एकंदरीत जुनी मानदुखी, कंबरदुखी, गुडघ्याची झीज, ताणाची डोकेदुखी आणि मायग्रेन यांत करून पाहायला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा एक बिंदू उपयोगी पडतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं आडवी ठेवा, त्यांच्या वर दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधली खाच म्हणजे तो बिंदू, चिनी नाव ‘नेग्वान’. तिथे सुई लागतेच असं नाही, अंगठ्याने दाबूनही चालतं. सुईविना दाब दिला की त्याला ॲक्युप्रेशर म्हणतात, आणि सुईची फार भीती वाटणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

आता कशासाठी जाऊ नये ते. कर्करोग, मधुमेह, जंतुसंसर्ग, थायरॉइड यांवरचा मूळ उपचार म्हणून मुळीच नाही. केमोथेरपीच्या काळात मळमळ कमी व्हावी म्हणून जाणं वेगळं, केमोथेरपी सोडून जाणं वेगळं. मूल होण्यासाठी आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्यांना ॲक्युपंक्चरचा आग्रह बराच होतो, म्हणून एक आकडा देते. २०१८ मध्ये ८४८ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. खरं ॲक्युपंक्चर घेतलेल्यांत बाळ झालेल्यांचं प्रमाण १८.३ टक्के, खोटं घेतलेल्यांत १७.८ टक्के. मन शांत व्हावं म्हणून कोणी घेत असेल तर घ्यावं. पण बाळाच्या आशेवर आधीच खूप सोसलेल्या जोडप्याला यशाची खात्री देऊन सुया विकणं मला क्रूर वाटतं.

सुई आत जाऊन करते काय?

परंपरेचं उत्तर आणि शरीरशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेजिंग’ या चिनी ग्रंथात शरीरातल्या ‘ची’ या प्राणशक्तीचा आणि तिच्या वाहिन्यांचा विचार आहे. या वाहिन्यांवरचे ३६१ बिंदू आज प्रमाण मानले जातात. शवविच्छेदनात अशा वाहिन्या सापडत नाहीत. दुसरीकडे, सुई टोचल्यावर मज्जातंतूंतून संदेश जातात आणि मेंदूत शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं सुटतात, याचे पुरावे १९७० च्या दशकापासून जमत आले. अफूवर्गीय औषधांचा परिणाम पुसून टाकणारं नॅलोक्सोन दिलं की सुईने आलेली बधिरता कमी होते, असं तेव्हाच्या प्रयोगांत दिसलं होतं. उपचारक तुमच्याशी ‘ची’च्या भाषेत बोलला तर बिचकू नका, पण तुमचे रिपोर्ट त्याला वाचता येतात की नाही, हे जरूर पाहा.

या गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्त लवकर गोठत नसेल, प्लेटलेट्स कमी असतील. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल: अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू, तसंच घोट्याच्या आतल्या बाजूला वरचा बिंदू गरोदरपणात परंपरेने टाळतात, कंबर-पोटाच्या काही जागाही टाळतात. पेसमेकर बसवलेला असेल: सुयांना तारा जोडून सौम्य वीजप्रवाह देतात त्या इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरला तुम्ही नकार द्यायचा. फिट्स येत असतील तरी वीजप्रवाहाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. हृदयाची झडप बदललेली असेल, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील, तर जंतुसंसर्गाचा धोका मोठा. अशांनी कानात किंवा त्वचेत दिवसचे दिवस ठेवायच्या बारीक सुया लावून घेऊ नयेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या हाताला सूज येते, त्या हातात सुई नको.

आणि पूर्वी कधी सुईने चक्कर आली असेल तर ते सांगा. याच एका वाक्याने माझा पहिला दिवस वाचला असता.

उपचारक निवडताना

ज्या भागात राहता तिथला कायदा ॲक्युपंक्चर कोणाला करू देतो, नोंदणी कुठे होते, याची माहिती काढा आणि नोंदणी क्रमांक मागा. चांगला उपचारक या प्रश्नाने दुखावत नाही. फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ करतात, त्यात सुई तशीच असते, पण ती स्नायूतल्या गाठीसारख्या दुखऱ्या जागी टोचतात. चिनी बिंदूंचा विचार त्यात नसतो. तुमच्यावर यातलं नेमकं काय होणार आहे, हे विचारून घ्या.

सुईबद्दल तडजोड नको. सुई निर्जंतुक, सीलबंद पाकिटातली आणि एकदाच वापरायची असली पाहिजे, आणि पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमधून कावीळ ‘ब’ची साथ पसरल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. ‘उकळून घेतो’, ‘तुमच्या नावाची सुई वेगळी ठेवतो’ असं कोणी म्हणालं तर उठून या. वापरलेल्या सुया टाकायला कडक भिंतींचा, झाकणाचा डबा आहे का, तेही पाहा. नुसत्या कचऱ्याच्या टोपलीत सुया दिसल्या तर बाकीची स्वच्छता कशी असेल ते कळतं.

फोनवरच मी चार प्रश्न विचारते: माझ्यासारख्या दुखण्याचे किती रुग्ण पाहिलेत? साधारण किती सिटिंग लागतील? फरक पडला नाही तर कधी थांबायचं? चालू औषधांचं काय करायचं? शेवटच्या प्रश्नाला ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका’ हेच उत्तर यायला हवं. ‘गोळ्या आजपासून बंद’ असं कोणी म्हणालं की मी तिथे जात नाही. तीस-चाळीस सिटिंगचे पैसे एकदम आगाऊ मागणाऱ्याकडेही नाही.

त्या दिवशी

दोन तास आधी हलकं काहीतरी खा. उपाशी जाऊ नका आणि तट्ट भरल्या पोटीही नको. पाणी प्या, दारू घेऊ नका. बाह्या कोपराच्या वर आणि पायजमा गुडघ्याच्या वर जाईल असे सैल कपडे घाला. अंगठ्या, घड्याळ घरी ठेवा. पारंपरिक पद्धतीत जिभेचा रंग आणि थर पाहतात, म्हणून जायच्या आधी जीभ रंगेल असं काही खाऊ-पिऊ नका आणि ती खरवडू नका. औषधांची यादी कागदावर लिहून न्या. ठणका टिपेला असताना, तापात किंवा रात्रभर जागरण झालेलं असताना पहिली वेळ घेऊ नका, ती पुढे ढकला.

पहिल्या वेळी झोपूनच सुया घ्या, खुर्चीत नको. आडव्या माणसाला भोवळ येण्याची शक्यता बरीच कमी होते.

टेबलावर

आधी बोलणं होतं: दुखणं कधीपासून, कशाने वाढतं, झोप, पचन, पाळी. मग नाडी पाहतात. या सगळ्याला पहिल्या दिवशी सहज अर्धा-पाऊण तास जातो. पाच मिनिटांत सुया लागल्या तर काहीतरी राहिलं आहे असं समजा.

माझी दुसऱ्या ठिकाणची पहिली सुई हाताला होती, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल उंचवट्यात. उपचारक बाईंनी आधी जागा स्पिरिटने पुसली. पाकीट फाडलं. आत प्लॅस्टिकची बारीक नळी, आणि नळीत केसासारखी सुई. या सुयांची जाडी साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर असते. रक्त काढायची नेहमीची सुई ०.८ मिलिमीटरच्या आसपास. नळी त्वचेवर टेकवली, वर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं सुईचं मागचं टोक दिसत होतं. त्यावर बोटाने एक टिचकी. मुंगी चावल्यासारखं झालं, तेवढंच. मग नळी काढून त्यांनी सुई चिमटीत धरून हलकेच फिरवत आत सरकवली, आणि खोलवर एक जड, बोथट ओढ जाणवली, मनगटाकडे पसरत जाणारी. चिनी भाषेत याला ‘द-ची’ म्हणतात, आणि उपचारक याचीच वाट पाहत असतात.

हे जडपण, किंचित मुंग्या, ऊब, सगळं चालतं. चालत नाही ते धारदार, जळजळीत किंवा विजेच्या झटक्यासारखं, एका रेषेत बोटांपर्यंत जाणारं दुखणं. तसं झालं तर लगेच सांगा, सुई मज्जातंतूला लागत असेल. सहन करण्यात काही मिळवायचं नाही.

सुया साधारण सहा ते पंधरा लागतात आणि वीस ते तीस मिनिटं ठेवतात. त्या वेळात हलायचं नाही. हाताशी घंटी आहे का, हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल का, हे आधी विचारून घ्या. घाम, मळमळ, अंधारी, यातलं काहीही सुरू झालं की थांबू नका, हाक मारा. कोणी ऊब देण्यासाठी औषधी पाल्याची पेटती कांडी त्वचेजवळ धरत असेल, तर चटका बसण्याआधी बोला. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी पायांना हा शेक घेऊच नये.

छाती, खांद्याचा वरचा भाग आणि पाठीचा वरचा भाग यांबद्दल वेगळं सांगते, कारण तिथे त्वचेखाली थोड्याच अंतरावर फुफ्फुस असतं. सुई खोल आणि सरळ गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. हे फार विरळ आहे: जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात दोघांना असं झालं. एकूण ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना थोडं रक्त किंवा काळंनिळं पडणं इतकाच. पण या जागी सुई लावताना ती तिरकी आणि उथळ लावणार ना, असं विचारायला लाजू नका.

लावताना सुया मोजा आणि काढतानाही मोजा. डोक्यावरची सुई केसांत दडते, पाठीवरची आपल्याला दिसत नाही.

घरी आल्यावर

टेबलावरून उतरण्याआधी दोन मिनिटं त्याच्या कडेला बसून राहा. काहींना गुंगी येते, पहिल्या दिवशी गाडी स्वतः चालवायची नाही अशी व्यवस्था करा. त्या दिवशी जड व्यायाम नको. सुईच्या जागी दोन-तीन दिवस दुखरेपणा किंवा निळा डाग राहू शकतो. दुखणं एक-दोन दिवस थोडं वाढून मग उतरतं असंही काहींना होतं.

पण छाती-पाठीवर सुया लागलेल्या असताना पुढच्या काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला, तर फोन करून विचारत बसू नका, तातडीने रुग्णालयात जा आणि सुया कुठे लागल्या ते सांगा. टोचलेली जागा लाल, गरम होऊन सुजली, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा.

वही

हे काम पहिल्या सिटिंगच्या चार आठवडे आधी सुरू करायचं असतं, आणि जवळजवळ कोणी करत नाही. दुखणं चढ-उतार करत असतं. आपण उपचाराला जातो ते नेमके सगळ्यात वाईट दिवसांत, आणि वाईट दिवस पुष्कळदा आपले आपणच ओसरतात. आधीची नोंद नसेल तर ते ओसरणं सुईच्या नावावर जमा होतं.

रोज रात्री एक ओळ पुरे: दुखलं का, ० ते १० मध्ये किती, किती तास, कोणती गोळी घेतली, झोप किती. शिवाय दुखण्यामुळे न जमणारी एक गोष्ट निवडून ठेवा, जमिनीवरून उठणं किंवा अर्धा तास चालणं असं काही, आणि ती जमली की नाही ते लिहा. आकडा मनाच्या लहरीने हलतो, जिना चढता आला की नाही यात लहर चालत नाही.

आठवड्याला एक किंवा दोन सिटिंग, अशी सहा ते दहा होईपर्यंत पाहावं. सहाव्यानंतर आधीच्या चार आठवड्यांशी ताडून पाहा. काहीच हललं नसेल तर उपचारकाला वही दाखवा, जागा किंवा पद्धत बदलायची का ते विचारा. दहा झाल्या आणि तरीही पानं तशीच असतील तर थांबा. ‘आतून काम चालू आहे’ या उत्तरावर अकरावी घेऊ नका. व्यायाम, झोपेची वेळ, बसायची पद्धत हे चालू ठेवायचंच, आणि नवीन गोष्टी एकदम दोन सुरू करू नका, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

माझ्या वहीत सुयांआधीच्या चार आठवड्यांत डोकेदुखीचे नऊ दिवस आहेत. दहाव्या सिटिंगनंतरच्या चार आठवड्यांत पाच. पाचांपैकी दोन दिवस पूर्वीइतकेच वाईट गेले, तेही लिहिलेलं आहे. ही वही मी डॉक्टरांपुढे ठेवली. आणखी दोन महिने नोंद ठेवायला सांगून त्यांनी मग रोजच्या प्रतिबंधक गोळीचा डोस निम्मा केला. उरलेली निम्मी मी अजून घेते, आणि महिन्यातून एकदा सुयांना जाते, घरून खाऊन.